टिल्ट व्हीलचेअर: फिटर आजोबाचा वर्षभरानंतरचा अभिप्राय

आधी निकाल सांगतो, कारण ज्यांना ही खुर्ची घ्यायची असते त्यांना वाचत बसायला फुरसत नसते. सांगाडा उत्तम. गादी बरी. हेडरेस्ट आली तशी वापरली तर नापास. आणि खुर्ची मुलाला बसवून देण्याची जी सेवा असते, म्हणजे मापं घेणं, जुळवणं, काही दिवसांनी परत येऊन बघणं, ती काठावर पास. तीही मी पदरचे दोन गुण घातले म्हणून.

मी डॉक्टर नाही आणि थेरपिस्टही नाही. सगळं आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून गेलं. निवृत्त झालो आणि नातीच्या खुर्चीचं खातं आपोआप माझ्याकडे आलं, कारण घरात पाना धरता येणारा मीच. वर्षभर रोज हाताळली, पूर्ण सोडून परत जोडली, त्यामुळे लिहिताना यंत्राकडे जरा जास्त झुकलो तर सांभाळून घ्या. कंपनीचं नाव देत नाही. या जातीच्या मुलांच्या खुर्च्या थोड्याफार फरकाने एकाच धर्तीच्या असतात, आणि मला जे सांगायचंय ते नाव बदललं तरी बदलणार नाही.

नातीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. चारही हातपाय ताठर, पाठ मात्र मऊ, मान धरते पण थोडा वेळ. खुर्ची आली तेव्हा ती सहा वर्षांची होती. फायलीवर 'जीएमएफसीएस पातळी पाच' असं लिहिलेलं असतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने १९९७ साली अशा मुलांच्या हालचालींची ही पाच पातळ्यांची मोजपट्टी काढली आणि २००७ साली सुधारून वाढवली. पहिल्या पातळीचं मूल चालतं, पळतं. पाचव्या पातळीच्या मुलाला मान आणि धड स्वतःच्या बळावर तोलून धरता येत नाही, त्याला दुसऱ्या कुणीतरी न्यावं लागतं. ऑर्डरच्या फॉर्मवर पातळीचा रकाना असतो आणि तिथे पाच लिहिलं की विक्रेता यादीतल्या सगळ्या जोडण्यांवर भराभर खुणा करत सुटतो. बाजूचे आधार, छातीचा हार्नेस, मोठ्या पंखांची हेडरेस्ट, पावलांचे पट्टे, मनगटांचे पट्टे. तिथेच हात धरा. पातळी मुलाच्या हालचालीची आहे, खुर्चीला किती पट्टे लावायचे याची नाही. मनगटांचे पट्टे आमच्या सुनेने तिथल्या तिथे खोडले, आणि बरं केलं.

आता टिल्ट म्हणजे काय ते, कारण दुकानात दोन वेगळ्या गोष्टी एकाच दमात सांगतात. एका खुर्चीत नुसती पाठ मागे पडते, बस, म्हणजे बुडाखालचा बसायचा भाग, तशीच राहते. तिला रिक्लाइन म्हणतात. दुसरीत बस आणि पाठ दोन्ही मिळून, आपला कोन न सोडता, अख्ख्या मागे झुकतात. ती टिल्ट. ताठर मुलाच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. पाठ एकटी मागे गेली की खुब्याचा कोन उघडतो, तो उघडला की आमच्या नातीचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं जातं आणि ती बसेवरून पुढे घसरते. घसरताना कातडी कापडाला चिकटलेली राहते आणि आतलं हाड सरकतं. जखमा तशा होतात. टिल्टमध्ये कोन मोडत नाही म्हणून ती ताणली जात नाही, आणि मागे झुकवल्यावर बुडाखालचा थोडा भार पाठीवर जातो. मात्र नुसतं जरासं झुकवून भाराला फार फरक पडत नाही. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, त्यांना आम्ही ओटी मॅडम म्हणतो, तीस अंशांच्या पुढे न्यायला शिकवलं. मी सांगाड्यावर कोन मोजून पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवली आहे. आता कुणालाही अंदाजपंचे काम करावं लागत नाही.

खुर्ची घरी आली त्या दिवशी जुळवायला आलेला तरुण कामाला चपळ होता. खोटं कशाला बोलू, त्याचे हात मला आवडले. पण त्याला घाई होती. त्याने पोरीला बसवलं, सगळे आधार आवळले, ती काटकोनात सरळ दिसायला लागली, त्याने फोटो काढला आणि सही मागितली. फोटोत ती खरंच छान दिसत होती. घरातले सगळे खूश. मी तिच्याकडे बघत होतो. डोळे सोडून तिचं काहीच हलत नव्हतं.

इथे मला जागतिक आरोग्य संघटनेची एक गोष्ट सांगायची आहे. त्यांनी २००८ साली हाताने चालवायच्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात खुर्ची पुरवण्याच्या आठ पायऱ्या आहेत. मुलाला योग्य जागी पाठवणं, तपासून गरज ठरवणं, त्यानुसार खुर्ची लिहून देणं, पैशांची सोय आणि ऑर्डर, खुर्ची तयार करणं, अंगाला बसवणं, घरच्यांना शिकवणं, आणि शेवटी पाठपुरावा नि दुरुस्ती. आता यात खुर्ची नावाची वस्तू कुठे आली ते बघा. आठांतली एक पायरी. आम्हाला ती एक पायरी झकास मिळाली. अंगाला बसवणं तासाभरात उरकलं, शिकवणं उभ्या उभ्या झालं, आणि पाठपुरावा म्हणजे आमच्या मुलाने केलेले फोन. ज्या घरात फिटर नाही तिथे काय होत असेल याचा मी वर्षभर विचार करतोय. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशीच्या जुळणीवरच मूल दोन वर्षं बसत असणार.

पंधरा दिवसांनी ओटी मॅडम आल्या आणि त्यांनी सगळं सैल करायला लावलं. पहिल्यापासून सुरुवात. त्यांचा क्रम मला एकदम पटला, कारण यंत्र उभं करताना आम्हीही तसंच करायचो. आधी पाया लेव्हलमध्ये आणायचा, वरचं नंतर. बसण्यातला पाया म्हणजे कंबरेचं हाड. ते मागे कलंडलं की पाठीला पोक येतो, पोक आला की मान खाली पडते, मग आपण मान उचलायला हेडरेस्ट वर-पुढे करत बसतो, आणि दोष असतो खाली. ते एका बाजूला झुकलेलं असेल तर कणा दुसरीकडे वळतो. म्हणून आधी कंबर मागे टेकवायची, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते अंगठ्यांनी चाचपायचं, कमरेचा पट्टा आवळायचा, मग मांड्या, मग पावलं, मग धड आणि सगळ्यात शेवटी डोकं. त्या तरुणाने नेमकी उलट्या टोकाने सुरुवात केली होती.

बसेची खोली हे दुसरं महत्त्वाचं माप. गुडघ्याची खोबण आणि बसेची पुढची कड यांत दोन बोटं जागा राहिली पाहिजे. बस लांब झाली तर कड गुडघ्यामागे रुतते आणि मूल तिथून सुटायला कंबर पुढे ओढतं. आखूड झाली तर मांडी लटकते आणि सगळा भार मागे येतो. आमच्या खुर्चीत बस पुढेमागे सरकवायला भोकं दिली आहेत आणि ती सोय फार चांगली आहे, कारण पोर वाढते. वर्षात मांडीची लांबी इतकी वाढली की मला बस सरकवावी लागली, आणि बस सरकवली की फूटरेस्ट खाली घ्यावा लागतो, ट्रे पुढे घ्यावा लागतो. पुस्तिकेत याची आकृती आहे, पण ती काढणाऱ्याने स्वतः कधी हे काम केलेलं नसावं. मागच्या दोन बोल्टांपर्यंत चावी पोचतच नाही, आधी गादीचा फळा काढावा लागतो.

आता हेडरेस्टकडे येतो. माझं मुख्य भांडण तिच्याशीच आहे.

खुर्चीबरोबर आलेली हेडरेस्ट मोठ्या पंखांची होती. डोकं मध्ये ठेवायचं, दोन्हीकडून पंख, पडायचं नावच नको. पण आमची नात बोलत नाही. तिच्या हातांवर तिचा भरवसा नाही. खेळणं घ्यायला हात पुढे केला तर हात भलतीकडे जातो आणि पाय उचलले जातात. तिच्या ताब्यात असलेल्या दोनच हालचाली आहेत. नजर, आणि मान डावीकडे वळवणं. होय म्हणायचं तर ती आपल्या डोळ्यांत बघते, नाही म्हणायचं तर नजर वळवते. सून पारदर्शक फळीच्या कोपऱ्यांत चित्रं लावते, फळी मध्ये धरते आणि पलीकडून बघते की पोरीची नजर कुठे गेली. गेल्या वर्षापर्यंत हे सगळं आईच्या मांडीवर नाहीतर जमिनीवर उशा लावून चालायचं. त्यात तिची निम्मी ताकद मान धरण्यात जायची, आणि दोन प्रश्नांत ती दमायची.

खुर्चीने ही ताकद वाचवावी, एवढीच आमची अपेक्षा होती. पण त्या पंखांनी डोकं धरलं आणि डावीकडचं जगच झाकून टाकलं. बाजूने कुणी हाक मारली तर तिला वळता येईना. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, पातळी पाचच्या मुलांना हीच लागते. ओटी मॅडमनी सांगितलं, डोक्याच्या मागे कवटीच्या बुडाशी आधार द्या आणि बाजू मोकळी सोडा. मग पाठीमागच्या दांड्यावर लहान, खोलगट आधार बसवला, डावा पंख काढून टाकला, उजवा छोटा करून ठेवला कारण दमल्यावर ती उजवीकडे कलते. आणि डाव्या गालाच्या जरा पुढे, मान वळवली की लागेल असं, मोठं बटण बसवलं. ते दाबलं की तिच्या दादाच्या आवाजात भरलेली हाक ऐकू येते: "इकडे या!"

पहिले काही दिवस आम्ही सगळे वेड्यासारखे धावत होतो. मग तिला कळलं की धावतात. त्यानंतर तिने उच्छाद मांडला. आजी आडवी झाली की हाक. बाबा फोनवर असला की हाक. मी बटणाचा कंस अर्धा इंच लांब सरकवावा असं सुचवलं, तर सून म्हणाली, "आबा, सहा वर्षांनी पोरीला त्रास द्यायला जमलंय, देऊ द्या की." कंस तिथेच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की खुर्ची तपासताना मूल सरळ दिसतं का हे बघू नका. सरळ तर खांबाला बांधलं तरी दिसेल. त्या बसण्यातून त्याला कुठली हालचाल जास्त करता येते ते बघा. प्रत्येक आधार थोडं बळ देतो आणि थोडं स्वातंत्र्य घेतो. हा हिशेब मुलागणिक वेगळा, आणि दमल्यावर आणखी वेगळा. आमच्याकडे सकाळी छातीचे बाजूचे आधार एक खाच सैल असतात, संध्याकाळी आवळतो. त्यासाठी खाचांवर रंगाचे ठिपके दिलेत. कंपनीने खाचांवर आकडे कोरायला हवे होते, त्यात काही मोठा खर्च नव्हता.

ट्रेबद्दल चांगलंच लिहीन. आधी वाटलं, जेवणाची थाळी ठेवायला असेल. पण त्याचं खरं काम कोपरांना टेकू देण्याचं आहे. दोन्ही हात ट्रेवर आले की खांदे खाली येतात आणि मान आपोआप उचलते. ट्रेची उंची कोपराच्या जरा वर लागते. कड मात्र बोथट हवी. आमची कड टोकदार होती, मी कानशीने घासून वर रबराची पट्टी लावली.

जेवणाच्या बाबतीत खुर्चीने घरातलं वातावरण बदललं, यात शंका नाही. मांडीवर घेऊन भरवताना तिचं डोकं मागे जायचं, आणि मान मागे टाकलेली असली की घास श्वासनळीत जायचा धोका वाढतो. आता ती सरळ बसते, हनुवटी किंचित खाली, आणि भरवणारा समोर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. ठसका कमी झाला. टिल्टमध्ये भरवायचं नाही हा घरातला कडक नियम आहे आणि पाहुण्यांनाही तो सांगितला जातो. वजन मात्र अपेक्षेइतकं वाढलेलं नाही. डॉक्टरांनी पोटातून नळी घालण्याचा विषय काढलाय, मुलगा आणि सून विचार करतायत. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, तो निर्णय त्यांचा आहे. एवढंच सांगतो की तो विषय निघाला म्हणून खुर्ची कमी पडली असं होत नाही.

एक दावा मात्र खोडून काढायला हवा. "या खुर्चीत खुबा जागेवर राहतो" असं आम्हाला विकताना सांगितलं गेलं. आमचे अस्थितज्ज्ञ हे ऐकून नुसते हसले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मुलांवरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या पातळीच्या मुलांत खुबा सरकण्याचं प्रमाण शून्य निघालं आणि पाचव्या पातळीत ९० टक्के. मांड्या आत ओढणारे स्नायू ताठर, पायांवर उभं राहून खोबणीत भार पडत नाही, मग मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू बाहेर सरकतो. एक्स-रेवर गोळ्याचा किती भाग खोबणीबाहेर आहे ते टक्क्यांत मोजतात आणि ३० टक्क्यांच्या पुढे गेला की लक्ष ठेवणं कडक होतं. आमच्या पोरीचा डावा खुबा त्या रेषेच्या पलीकडे आहे. खुर्चीने बसणं सुखाचं होतं, एक्स-रे टळत नाही. खुर्ची आहे म्हणून तपासणी लांबवलीत तर नुकसान मुलाचं, विक्रेत्याचं नाही.

याला जोडूनच दोन मांड्यांमधला ठोकळा. तो गुडघे एकमेकांवर चढू नयेत म्हणून असतो. मूल पुढे घसरतं म्हणून त्याला अडवायला तो आत आत सरकवत नेणारे मी पाहिलेत. तो जांघेत रुततो, आणि मूल बोलून सांगू शकत नाही. घसरण थांबवायचं काम कमरेच्या पट्ट्याचं. मध्यंतरी मांडीच्या स्नायूंत ताठरपणा कमी करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन दिलं होतं. त्याचा परिणाम तीनेक महिने टिकतो. तेवढ्या काळात मांड्या इतक्या मोकळ्या झाल्या की ठोकळा लहान पडला. परिणाम ओसरायला लागला तशी जुळणी परत मागे आली. हे कुणी आधी सांगत नाही. इंजेक्शन देणारा वेगळा, स्प्लिंट, म्हणजे पाय नीट धरून ठेवणारा साचा, करणारा वेगळा, खुर्चीवाला वेगळा. नवीन स्प्लिंट आली की तिच्या जाडीमुळे गुडघा उचलला जातो, मग फूटरेस्ट खाली. प्रत्येक जण आपलं काम नीट करून जातो आणि सगळ्यांची गाठ शेवटी माझ्या ॲलन कीवर, म्हणजे बोल्ट फिरवायच्या षटकोनी चावीवर, पडते.

पट्ट्यांच्या बाबतीत एकच सांगतो, पण ते गंभीरपणे घ्या. कमरेचा पट्टा सैल ठेवून छातीचा हार्नेस कधीही लावू नका. कंबर पुढे घसरली की हार्नेस वर चढतो आणि गळ्याशी येतो. आधी कंबर, मग छाती. काढताना उलट. आमच्याकडे हे घरातल्या प्रत्येकाकडून माझ्यासमोर करवून घेतलं आहे, बारा वर्षांच्या नातवासकट.

आता सांगाडा. इथे मी मनापासून कौतुक करणार. जोडकाम स्वच्छ आहे, सांध्यांचं वेल्डिंग सारखं आहे, वर्षभरात कुठेही चीर नाही. मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं भक्कम आहेत. टिल्ट केल्यावर भार मागे जातो तेव्हा तीच आधार देतात, म्हणून ती वर दुमडून ठेवायची सवय लावू नका. टिल्ट गॅस स्प्रिंगवर चालतो आणि मुठीपासून तिथपर्यंत केबल जाते. काही महिन्यांनी मूठ दाबूनही टिल्ट सुटेना. विक्रेत्याच्या माणसाने फोनवर सांगितलं, स्प्रिंग गेली, नवीन मागवावी लागेल. केबल नुसती ताणली गेली होती. सायकलच्या ब्रेकला असतो तसाच ताण जुळवायचा स्क्रू तिथे आहे. दोन आटे फिरवले, झालं. तुमच्याकडे असं झालं तर आधी तो स्क्रू बघा, मग पैसे काढा. पुढच्या लहान चाकांत केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते चिमट्याने काढत राहा, नाहीतर चाक थरथरतं आणि पोरीचं डोकं त्याबरोबर हलतं.

वजन हा मोठा दोष आहे. सगळ्या जोडण्यांसकट खुर्ची तीस किलोच्या आसपास जाते, वर पोरीचं वजन. दोन पायऱ्या असल्या तरी दोन माणसं लागतात. ही खुर्ची दुमडून गाडीत टाकायची नसते. बस उचलून वेगळी होते हे खरं, पण ती उचलणाऱ्याची कंबर कुणाची याचा विचार रचना करणाऱ्यांनी केलेला नाही. पकडायला जागाच नाही, मी बाजूला दोन कापडी पट्ट्या शिवून घेतल्या. मूल खुर्चीत बसवूनच गाडीत न्यायचं असेल तर घेण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा, ही खुर्ची आयएसओ ७१७६ या व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या एकोणिसाव्या भागानुसार धडक-चाचणीत उतरली आहे का? तो भाग गाडीत आसन म्हणून वापरायच्या खुर्च्यांसाठीच आहे. उतरली असेल तर सांगाड्यावर बांधायच्या चार जागांना खुणा असतात. तोंड पुढे, खुर्ची उभी, ट्रे काढलेला, आणि मुलाला गाडीचा वेगळा पट्टा. खुर्चीचे पट्टे बसण्यासाठी आहेत, अपघातासाठी नाहीत. "सगळे तसंच नेतात" हे उत्तर मिळालं तर ते उत्तर नव्हे.

सुनेची पाठ या वर्षात बरी आहे का, असं कुणी विचारलं तर अर्धवट होय. जमिनीवरून उचलणं कमी झालं, कारण खुर्चीची बस वरखाली होते. पण अंथरूण, खुर्ची, आंघोळ, शौच, उभं राहायची चौकट, परत खुर्ची, हे उचलणं संपलेलं नाही आणि पोर जड होत चाललीय. जाहिरातीतली आई खुर्चीमागे हसत उभी असते. तिने नुकतं मूल उचलून बसवलंय, हे चित्रात येत नाही. आता उचलायचं यंत्र बघतोय. त्याचाही अभिप्राय लिहीन.

गादी बरी म्हटलं ते अशासाठी की फोम चांगला आहे, आकार चांगला आहे, पण आवरण घामाने ओलं होतं आणि वाळायला वेळ लागतो. जास्तीचं आवरण सुरुवातीलाच मागा. खुर्चीत बसवायचा वेळ हळूहळू वाढवा. आम्ही अर्ध्या तासापासून सुरुवात केली, आणि प्रत्येक वेळी उतरवल्यावर सून कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला तर ठीक. राहिला तर त्या जागी काहीतरी रुततंय, ते शोधायचं. एकदा पट्ट्याचं बक्कल निघालं, एकदा गादीखाली राहिलेला खेळण्याचा तुकडा.

घ्यावी का? तुमच्या मुलाला मान आणि धड धरता येत नसेल, ते ताणलं जात असेल आणि दिवसाचा बराच वेळ बसून काढणार असेल, तर घ्या, टिल्टचीच घ्या. धड बऱ्यापैकी धरता येत असेल आणि हातांनी चाकं ढकलायची थोडी जरी शक्यता असेल तर ही घेऊ नका, हलकी बघा. या खुर्चीत मूल कायम नेलं जातं, स्वतः कुठे जात नाही. आणि दुकानदाराशी घासाघीस करायची असेल तर किमतीवर करू नका. तीन वेळा घरी येऊन जुळणी करणार हे बिलावर लिहून घ्या. एकदा बसवताना, एकदा महिन्याभराने, एकदा सहा महिन्यांनी, आणि त्या वेळी तुमचा थेरपिस्ट हजर असेल अशा दिवशी.

आमची बस आता शेवटून दुसऱ्या भोकावर आहे. लांबीची जोडणी मिळते असं पुस्तिकेत छापलंय. विक्रेता म्हणतो ती येत नाही, कंपनी म्हणते येते. मुलाने दोघांना एकाच पत्रात विचारलं आहे.

तोवर घरात ठेवायची हत्यारं: पाच आणि सहा मिलिमीटरच्या लांब दांड्याच्या ॲलन की, तेरा नंबरचा पाना, चिमटा, हवा भरायचा पंप आणि रंगाची छोटी बाटली. ॲलन की सध्या नातवाच्या ताब्यात आहेत. मागायला गेलं की कुठला बोल्ट, ते तो आधी विचारतो.